चिखलाचे वीस किलोमीटर: माझ्या पिकअपचे ऑल-टेरेन टायर

दुकानात शिरले तर काउंटरवरच्या माणसाने पहिला प्रश्न माझ्या भाच्याला विचारला, "बोला साहेब, कुठली गाडी?" भाचा अकरावीत. लायसन्स नाही, आणि सगळं लक्ष रस्त्यापलीकडच्या वडापावच्या गाडीवर. मी म्हटलं, "गाडी माझी, चालवते मी आणि पैसेही मीच देणार." माणूस कसनुसं हसला. पुढची वीस मिनिटं बोलला माझ्याशीच, पण बघत होता भाच्याकडे.

हे घोडबंदर रोडवरचं काचेचं दुकान. एसी, सोफा, फुकट कॉफी. इथे मी टायर घेतले नाहीत. का घेतले नाहीत, शेवटी कुठले घेतले आणि साडेपंधरा हजार किलोमीटर चालवल्यावर आता काय वाटतं, ते लिहितेय. मे महिना आला की दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, "पिकअपला एटी, म्हणजे ऑल-टेरेन टायर, टाकू का गं?"

मी जनावरांची डॉक्टर. राहते ठाण्यात मानपाड्याला, पण निम्मे पेशंट मुरबाड तालुक्यात. टोकावडे, वैशाखरे आणि त्यांच्या आतले पाडे. माजिवडा, खारेगाव, रांजणोली नाका, दुर्गाडीचा पूल, शहाड असं करत एकदा मुरबाडचा रस्ता धरला की तो माळशेजच्या पायथ्याकडे जातो. गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, २०१७ ची, सेकंडहँड घेतलेली. डबल कॅब, फोर बाय फोर. मागच्या हौद्यात औषधांच्या पेट्या, पाण्याचा ड्रम, दोर, बांबू, आणि कृत्रिम रेतनाच्या वीर्यकांड्या ठेवायचा द्रव नायट्रोजनचा कॅन. कधी परतताना एखादी आजारी शेळीही असते.

जुलै २०२४ ची गोष्ट. गाडीला तेव्हा साधे हायवेचे टायर होते, निम्मे घासलेले. रात्री साडेनऊला वैशाखऱ्याच्या आतल्या एका पाड्यावरून फोन आला. म्हैस अडलेली, रेडकाची मान मागे वळलेली. डांबरी सोडून आत वळले तर पुढे दीड किलोमीटर खाचरांच्या मधून जाणारी मातीची वाट. पहिला उतार नीट गेला. मग एका वळणावर, भाताच्या बांधाला लागून, गाडीने हळूच कूस बदलल्यासारखं केलं आणि थांबली. फोर-एल टाकलं, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा हळू पण जोरदार गिअर. इंजिन ओरडतंय, चारही चाकं फिरतायत, गाडी जागेवर. खाली उतरून मोबाइलचा उजेड मारला. टायरवर नक्षी म्हणून काही दिसतच नव्हतं. सगळ्या खाचा चिकणमातीने भरून चाक गुळाच्या ढेपेसारखं गुळगुळीत झालेलं. फोर बाय फोर असून उपयोग काय? चारही चाकांना सारखी ताकद मिळत होती, आणि चारही चाकं सारखीच घसरत होती.

बॅग डोक्यावर घेऊन चालत गेले. म्हैस वाचली, रेडकू नाही वाचलं. अर्ध्या तासाने काही फरक पडला असता का, हे आजही सांगता येत नाही. सकाळी ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. म्हशीचा मालक, माझ्याहून वयाने मोठा गृहस्थ, त्याने ओढायचे पैसे काही घेतले नाहीत. एवढंच म्हणाला, "डाक्टरीण बाई, पुढल्या वेळेला फोन करा, मी बैलगाडी धाडतो."

ते लागलं. पण लगेच दुसऱ्या दिवशी टायर घ्यायला धावले नाही, आणि बरंच झालं.

मी व्हिजिटची वही ठेवते. तारीख, गाव, जनावर, औषध, किलोमीटर. किलोमीटर लिहावेच लागतात, कारण लांबच्या व्हिजिटचे पैसे त्यावर ठरतात. त्या जुलैचं पान काढून बेरीज केली. एकूण २३१० किलोमीटर. त्यातलं डांबर आणि काँक्रीट २१९०. मुरूम-खडीचे कच्चे रस्ते शंभरेक. आणि ज्याला खरोखर चिखल म्हणावा असं किती? वीस. भर पावसाळ्याच्या महिन्यात, २३१० पैकी वीस किलोमीटर.

ही बेरीज केली नसती तर मी काचेच्या दुकानात नक्की फसले असते. कारण तिथल्या माणसाने पुढे ठेवला तो टायर दिसायलाच असा होता की चिखल बघून स्वतःहून बाजूला व्हावा. बोटभर खोल खाचा, मोठाल्या गोट्या. मड-टेरेन, म्हणजे एमटी. "मॅडमच्या कामाला हाच. दहा प्लायचा आहे, कधी फुटणार नाही. आणि एक साइज वर घ्या, गाडीला लूक येतो." लूकचं वाक्य अर्थातच भाच्यासाठी होतं.

आता हे तीन सल्ले एकेक करून बघू, कारण पिकअपवाल्यांना सगळीकडे हेच तीन मिळतात.

एमटी गाळात सगळ्यात चांगला, यात वाद नाही. त्याच्या गोट्यांमध्ये इतकी मोकळी जागा असते की चाक जरा जोरात फिरलं की माती बाहेर फेकली जाते आणि कडा पुन्हा मोकळ्या होतात. पण तीच मोकळी जागा ओल्या काँक्रीटवर आपल्या विरुद्ध जाते. रस्त्याला टेकणारं रबर कमी, आणि ओल्या रस्त्यावर पकड देणाऱ्या बारीक चिरा जवळजवळ नसतात. घोडबंदर रोडला पावसात गायमुखच्या उतारावर समोरच्या कंटेनरने ब्रेक मारला की मला त्या बारीक चिरा हव्यात, बोटभर गोट्या नकोत. शिवाय आवाज. २१९० किलोमीटर कानाशी भुंगा घेऊन कोण फिरणार?

दहा प्लायचं प्रकरण आणखी मजेदार आहे. त्यात दहा थर असतात असं नाही. ते ताकदीचं जुनं माप आहे, सुती धाग्याच्या टायरच्या काळातलं. असे टायर 'एलटी' या वर्गात येतात, म्हणजे हलक्या ट्रकचे. बाजूची भिंत जाड, वजन जास्त, आणि भार उचलायचा तर त्यांना हवाही जास्त लागते. रोज टनभर माल वाहणाऱ्याला ते हवेतच. माझ्या हौद्यात फार तर अडीचशे किलो. माझ्या गाडीच्या मूळ टायरवर १११ एस लिहिलंय. १११ म्हणजे एक टायर १०९० किलो पेलतो, एस म्हणजे ताशी १८० पर्यंत चालतो. चार टायरचे मिळून ४३६० किलो झाले. गाडी भरून वर चार म्हशी बसवल्या तरच कमी पडेल.

कळंबोलीला एका कामासाठी गेले होते तेव्हा स्टील मार्केटच्या बाजूला ट्रकच्या टायरवाल्यांकडेही सहज विचारलं. तिथे ना सोफा, ना कॉफी. ट्रेलरच्या चाकावर बसून चहा पिणाऱ्या एका वयस्क मिस्त्रीने गाडीच्या हौद्यात डोकावून बघितलं आणि हिंदी-मराठीच्या मिसळीत निकाल दिला, "बाई, रिकाम्या गाडीला दहा प्लाय टाकलं तर टायर टिकंल, तुमची कंबर नाय टिकणार." एवढंच बोलून परत चहाकडे वळला. एक पैचा धंदा नसताना दिलेला हा सल्ला मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

तिसरा सल्ला एक साइज वर घ्यायचा. याचं गणित मी घरी वहीवरच केलं. माझा मूळ साइज २४५/७० आर १६. म्हणजे टायर २४५ मिलिमीटर रुंद, बाजूची भिंत त्याच्या सत्तर टक्के म्हणजे साधारण १७१, आणि डिस्क १६ इंची. उभं माप काढलं तर ७४९ मिलिमीटर. दुकानदार देत होता २६५/७० आर १६, त्याचं ७७७. अठ्ठावीस मिलिमीटर मोठा, म्हणून गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, १४ मिलिमीटर. म्हणजे दीड बोटसुद्धा नाही. त्याच्या बदल्यात मीटरवर ८० दिसेल तेव्हा गाडी ८३ ने पळत असेल. इंजिनाला जास्त घेराचं चाक फिरवावं लागेल. वळताना टायर आतल्या प्लास्टिकला घासेल की नाही, ते बसवल्यावरच कळेल. स्टेपनी हौद्याखाली मापात बसते, ती बसेल का ते वेगळंच. आणि माझी खास अडचण अशी की चाक मोठं झालं की किलोमीटरचा काटा कमी मोजतो. महिन्याला २३१० चालले तर दिसतील २२२७. मी किलोमीटरवर पैसे घेते हो! दर महिन्याला ८३ किलोमीटर फुकट फिरायचे, आणि वर त्यासाठी टायरला जास्त मोजायचे?

तर ठरलं ते असं. मूळ साइज, एलटी नाही, आणि एमटी नाही. ऑल-टेरेन, पण त्यातलाही सौम्य. एटी म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरांत टोकाटोकाचा फरक असतो. काही नुसते हायवेचेच टायर, कडेला चार खाचा पाडून दिलेले. काही जवळपास एमटी. मी बघितल्या त्या तीन गोष्टी. मधल्या गोट्या एकमेकींच्या जवळ आणि त्यांच्यावर बारीक चिरा असाव्यात, म्हणजे ओला रस्ता सांभाळेल. खांद्याच्या कडेच्या गोट्यांमधली फट मात्र मोठी हवी, कारण चिखलात चाक बुडतं तेव्हा कामाला येते ती कड. आणि बाजूची भिंत खरखरीत, थोडी उंचवट्याची असावी, गाडीच्या चाकोरीतून बाहेर पडताना ती मातीला धरते.

नावं सांगायची तर आपल्या बाजारात अपोलोचा ॲपटेरा, सीएटचा क्रॉसड्राइव्ह, एमआरएफचा वाँडरर, योकोहामाचा जिओलँडर, ब्रिजस्टोनचा ड्युएलर, आणि खिसा खोल असेल तर बीएफ गुडरिचचा के-ओ-टू ही घराणी ऐकू येतात. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात परवान्याखाली आणली, तेव्हापासून बाहेरून येणाऱ्या टायरचा भरवसा कमी झाला. हवा तो साइज हव्या त्या महिन्यात मिळेल असं नाही. मी भारतातच बनलेला घेतला. कोणता, ते मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की सगळं बोलणं नावावर जातं, आणि माझं म्हणणं नावाबद्दल नाहीच. शिवाय एकाच नावाचा टायर साइज बदलला की आतून वेगळा निघू शकतो, एकात साधा, दुसऱ्यात एलटी.

काचेच्या दुकानातून निघताना एक प्रयोग केला. "तुमच्याकडचा एटी दाखवा" म्हटलं. त्याने एक चकचकीत, काळं पॉलिश मारलेला टायर आणला, सवलतीच्या दरात. मी उकिडवी बसले, मोबाइलचा टॉर्च लावला आणि भिंतीवरची अक्षरं वाचायला लागले. बाहेरच्या बाजूला कोड अर्धवटच होता. टायर उलटा करायला लावला. आतल्या बाजूला लांबट चौकटीत चार आकडे होते, ३८२१. म्हणजे २०२१ सालचा अडतिसावा आठवडा. साडेतीन वर्षांपेक्षा जुना. रबर दुकानात पडूनही कडक होत जातं. मी आकडे मोठ्याने वाचले. तो म्हणाला, "मॅडम, ते कंपनीचं काहीतरी असतं." मी जनावराचे दात बघून वय सांगते, टायरचं तर लिहूनच ठेवलेलं असतं. भाच्याला घेऊन बाहेर पडले. वडापाव मात्र चांगला होता.

शेवटी टायर घेतले वागळे इस्टेटमध्ये, रोड नंबर १६ च्या बाजूच्या एका जुन्या दुकानात. पत्र्याचं छप्पर, बाहेर टायरांच्या चळती, एक लंगडा कुत्रा (त्याच्या पायावरची जुनी जखम बघून आले, ती बरी आहे). मालक काका पूर्वी भांडुपला टायरच्याच कारखान्यात होते. पहिला प्रश्न मला विचारला, आणि तो गाडीचा नव्हता. "डॉक्टर, महिन्यात चिखल किती, डांबर किती?" मी वही काढून दाखवली. काका दोन मिनिटं बघत राहिले, मग आतल्या पोराला म्हणाले, "बघ, गिऱ्हाईक असं असावं."

मे २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात चार टायर घेतले. एकाचे १२,८०० रुपये, करासकट. तेव्हा जीएसटी २८ टक्के होता. २२ सप्टेंबरला तो १८ वर आला. म्हणजे मूळ दहा हजारांचा तोच टायर ११,८०० ला पडला असता, चार टायरमागे चार हजारांचा चुना. पण सप्टेंबरपर्यंत थांबायचं म्हणजे पूर्ण पावसाळा बैलगाडीतून काढायचा. काकांना नंतर फोन करून चिडवलं, तर म्हणाले, "मला काय माहीत ताई, मी काय अर्थमंत्री आहे?"

चढवायचं काम बघण्यासारखं झालं, म्हणून थोडं सविस्तर. पोराने जुना टायर उतरवला आणि डिस्कची कड तारेच्या ब्रशने घासून काढली. तिथे पांढरट गंज धरलेला होता, दर पंधरवड्याला माझी हवा कमी का व्हायची ते तिथेच कळलं. व्हॉल्व्ह चारही नवीन बसवले, न सांगता. नव्या टायरच्या भिंतीवर एक पिवळा ठिपका असतो, ती टायरची सगळ्यात हलकी जागा. काकांनी प्रत्येक वेळी तो ठिपका फिरवून व्हॉल्व्हच्या लगत आणून ठेवला, म्हणजे बॅलन्सिंगला शिसं कमी लागतं. मग कडेला साबणाचं पाणी, हवेची नळी, आणि "ताई, जरा मागं व्हा." टायर फुगत गेला, करकरला, आणि ठप्प ठप्प असे दोन आवाज झाले. आधी एक कड डिस्कवर बसली, मग दुसरी. माझ्या कामातही असा एक क्षण येतो, अडलेलं वासरू एकदाचं नीट दिशेला वळतं तेव्हाचा. हाताला जे कळतं ते कानाला ऐकू आल्यासारखं वाटलं.

काकांनी विचारलं, "नायट्रोजन भरायचा? काही लोक मागतात." मी हौद्याकडे बोट दाखवलं. नायट्रोजन माझ्याकडे असतोच, उणे १९६ अंशाचा. काका हसले. साध्या हवेतसुद्धा ७८ टक्के नायट्रोजनच असतो, उरलेल्या बावीस टक्क्यांसाठी वेगळे पैसे मी देत नाही. हवा दर आठवड्याला तपासणं त्याहून महत्त्वाचं.

दुकानाबद्दल तक्रारीही आहेत. साडेतीन तास लागले. बसायला एक मोडकी खुर्ची, तीही कुत्र्याची. एका डिस्कला मशीनच्या जबड्याचा ओरखडा आला, बोटाएवढा. दाखवल्यावर काकांनी अलाइनमेंटचे पैसे घेतले नाहीत, पण ओरखडा तो ओरखडा. आणि नट आधी हवेच्या गनने सणसणीत आवळले होते. मी ते सैल करायला लावून हाताच्या पान्याने परत आवळून घेतले, कारण रात्री पाड्यावर एकटीने चाक बदलायची वेळ आली तर मला ते नट सुटले पाहिजेत. हे सगळ्यांनी करावं. आणि शंभरेक किलोमीटरनंतर एकदा परत आवळून बघावेत. जुने चार टायर दुकानातच दिले, पण त्यातला सगळ्यात बरा स्टेपनीला ठेवला. तो पंक्चरपुरता, टू-एचमध्ये, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांच्या जोरावर, घरी येण्यापुरता. फोर बाय फोरमध्ये पुढची-मागची चाकं एकत्र बांधलेली असतात, तिथे एक चाक घासलेलं आणि तीन नवी असली तर त्याचा ताण गिअरवर येतो.

आता प्रत्यक्ष अनुभव.

पहिला आठवडा मला टायर आवडले नाहीत. स्टिअरिंग जरा सुस्त, आणि साठच्या पुढे तळातून एक गुणगुण सुरू झाली. एटी म्हटलं की हे आलंच. सत्तरला गुणगुण सगळ्यात जास्त, ऐंशीला वाऱ्याच्या आवाजात बुडते. महिन्याभरात कान सरावले. गाडी आधी डिझेलच्या लिटरला १२.१ किलोमीटर द्यायची, आता ११.४. वहीतलं गणित आहे, गाडीच्या पडद्यावरचं नाही.

खड्ड्यांसाठी मात्र पहिल्याच पावसात समाधान झालं. घोडबंदर रोड मेट्रोच्या खांबांच्या दोन्ही बाजूंनी ज्याने जून-जुलैत चालवलाय त्याला वेगळं सांगायला नको. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे ते चाक आत गेल्यावरच कळतं. आधीच्या टायरला दोनदा भिंतीवर फुगा आला होता, या पावसाळ्यात एकदाही नाही. यात टायरइतकंच श्रेय सोळा इंची डिस्कचं. नव्या व्ही-क्रॉसला २५५/६० आर १८ येतो, त्याची भिंत १५३ मिलिमीटर, माझी १७१. दिसायला अठरा इंची झोकदार, पण खड्ड्याच्या कडेवर आपटताना ते दोन सेंटिमीटर रबर मला माझ्या बाजूला हवं.

ओल्या काँक्रीटवर ब्रेक हायवे टायरपेक्षा किंचित उशिरा लागतो असं माझं मत आहे. मोजलेलं नाही, पायाला जाणवतं. म्हणून पावसात पुढच्या गाडीपासून अंतर वाढवलंय. त्या मोकळ्या जागेत लगेच रिक्षा घुसते, त्याला इलाज नाही.

आणि ते वीस किलोमीटर. जुलैत त्याच वैशाखऱ्याच्या पाड्यावर जायची वेळ आली, या वेळी गाभण गाय. डांबरी संपली तिथे उतरून चारही चाकांची हवा ३२ वरून २० पीएसआयवर आणली. याने टायर लांबट पसरतो, जमिनीला जास्त टेकतो. काडेपेटीच्या काडीने व्हॉल्व्ह दाबून हवा सोडायला दहा मिनिटं लागली. मग फोर-एल, दुसरा गिअर, आणि पाय स्थिर. तेच वळण, तोच बांध. पहिल्या दमात गाडी निम्म्यावर थांबली. दोन हात मागे घेतली, स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं हलवत पुन्हा नेली. कडेच्या गोट्यांनी चाकोरीची भिंत धरली, तसं स्टिअरिंगला काहीतरी लागलं आणि गाडी बाहेर आली. वर गोठ्यापाशी म्हशीचा मालक दोर घेऊन उभाच होता.

पण हे ऐकून हुरळून जाऊ नका. त्याच महिन्यात दुसऱ्या एका पाड्यावर, नुकत्याच चिखलणी केलेल्या खाचराच्या कडेला, हेच टायर, हीच हवा, आणि गाडी स्प्रिंगच्या पाट्यांपर्यंत रुतली. भाताच्या चिकणमातीत एटीच्याही खाचा भरतात, फक्त जरा उशिरा भरतात. तिथे एमटीनेही काय केलं असतं देव जाणे. ट्रॅक्टरच आला. परत डांबरीला आल्यावर हवा भरायला विसरू नका, मऊ टायरवर पन्नास-साठने पळवलं तर भिंत तापून जाते. मी सिगारेट लायटरवर चालणारा छोटा पंप ठेवलाय, चार टायरला वीसेक मिनिटं घेतो आणि गाईसारखा हंबरतो.

झीज म्हणाल तर नवीन असताना खाचेची खोली ११ मिलिमीटर होती, परवा म्हसाच्या जत्रेहून आल्यावर मोजली तर नऊला थोडी कमी. कायद्याने १.६ पर्यंत चालतो, पण मी चारला बदलणार, त्याच्या खाली चिखलात तो नावाचाच एटी उरतो. या हिशेबाने पन्नास हजार किलोमीटर तरी जावेत. दहा हजारांना पुढचे मागे, मागचे पुढे करून घेतले, एकदा झालंय, पुढचं वीस हजारांना.

माझ्या बिल्डिंगमध्ये एकाकडे नवी कोरी हायलक्स आहे. मोठी गाडी, सुंदर गाडी. तो शनिवारी मॉलला आणि दिवाळीत कोकणात जातो. परवा लिफ्टमध्ये विचारत होता, एमटी टाकू की एटी? मी विचारलं, गेल्या वर्षात गाडी चिखलात किती वेळा गेली? बराच वेळ आठवून म्हणाला, "एकदा, सासुरवाडीच्या लग्नात पार्किंगला." त्याला सांगितलं, आहेत तेच हायवेचे टायर घासू दे आणि वाचलेल्या पैशांत बायकोला कुठे तरी फिरवून आण. त्याने काय केलं माहीत नाही. खाली गाडीवर अजून कंपनीचेच टायर दिसतात.

वागळेच्या दुकानात जायचं तर शनिवारी जाऊ नका, टेम्पोवाल्यांची रांग असते. सकाळी दहाला जा, वही घेऊन जा, आणि खुर्चीवर बसण्याआधी कुत्र्याला विचारा.